तीन रविवार, दोन साक्षीदार आणि एक वही



उपवासकाळात आपल्याकडे सहसा लग्ने होत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाला रे झाला की हुबळी-धारवाडात लग्नांची एकच गर्दी उडते. कल्याण मंटप वर्षभर आधी बुक झालेला असतो. केक, बँड, फोटोवाला, सगळ्यांना आगाऊ रक्कम गेलेली असते. आणि चर्चच्या कार्यालयात कागद घेऊन मंडळी येतात ती लग्नाला जेमतेम महिना उरलेला असताना. अर्ज भरून घेणे, कागद तपासणे आणि रविवारी मिस्सानंतर लग्नाच्या घोषणा वाचणे (आपण बोलीत त्यांना बॅन्स म्हणतो) ही कामे आम्हा धर्मशिक्षकांच्या वाट्याला येतात. त्यामुळे लोकांचा पहिला रागही आमच्याच वाट्याला येतो.

मागे एक आई अशीच आली होती. मुलगी आमच्या पॅरिशची, मुलगा दुसऱ्या गावचा. आम्ही यादी सांगितली: दोघांचे बाप्तिस्म्याचे नवे दाखले, दृढीकरणाचे दाखले, मुलाच्या पॅरिशचे ना-हरकत पत्र, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, दोन साक्षीदारांची नावे. बाईंनी पिशवीतून मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला काढला. लहानपणीचा, छान लॅमिनेट करून ठेवलेला. आम्ही म्हणालो, हा चालणार नाही, गेल्या सहा महिन्यांत काढलेला हवा. त्या भडकल्या. "मास्तर, बाप्तिस्मा काय शिळा होतो होय? पोरीचं लग्न लावताय का पासपोर्ट काढताय?"

त्या वेळी आम्ही दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते. पूर्ण उत्तर द्यायचे तर बरेच मागे जावे लागते, म्हणून हा लेख.

आपल्या पवित्र शास्त्रात लग्न कधी गुपचूप होत नाही. रूथच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढून पाहा. बवाजला रूथशी लग्न करायचे आहे, पण त्याच्याहून जवळचा एक नातेवाईक आहे, ज्याचा हक्क आधी लागतो. बवाज काय करतो? बेथलेहेमच्या वेशीत जाऊन बसतो, जिथून सगळे गाव जा-ये करते. नगरातले दहा वडील बोलावून बसवतो आणि त्या नातेवाइकाला सर्वांसमोर विचारतो. तो माघार घेतो तेव्हा आपली वहाण काढून देतो, आणि सगळे म्हणतात की आम्ही साक्षी आहोत. हरकत असणाऱ्याला आधी विचारणे, उघड जागी विचारणे आणि साक्षीदार ठेवणे, हे तिन्ही तिथे आले. तोबितच्या पुस्तकात (आमच्या प्रोटेस्टंट बांधवांच्या शास्त्रात ते नसते, त्यांनी क्षमा करावी) साराचा बाप रगूएल मुलीचा हात तोबियाच्या हातात देतो आणि लगेच बायकोला लिहायचे साहित्य आणायला सांगून विवाहाचा करार लिहून काढतो. जेवणाची पाने त्यानंतर.

पण पुढे युरोपात ख्रिस्ती समाज पसरला तेव्हा एक अडचण उभी राहिली. चर्चची शिकवण अशी, आणि ती आजही तीच आहे, की विवाह दोघांच्या संमतीने होतो. धर्मगुरू तो बांधत नाही, वधूवरच एकमेकांना हा संस्कार देतात. शिकवण खरी, पण तिचा गैरफायदा घेणारेही होते. एखाद्या तरुणाने मुलीला बागेत वचन द्यावे, दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणावे, आणि वर्षाने त्याने दुसरीशी वाजतगाजत चर्चमध्ये लग्न लावावे. पहिली रडत धर्मगुरूंकडे आली तर तो म्हणणार, मी हिला ओळखतही नाही. साक्ष कुणाची? कुणाचीच नाही. देवापुढे ती त्याची बायको, जगापुढे कुणीच नाही.

१२१५ साली लॅटरनच्या चौथ्या महासभेने लग्नाची आधी जाहीर घोषणा करण्याचा नियम सगळ्या चर्चला लावला. तरी गुप्त विवाह थांबले नाहीत, कारण नियम मोडला तर पाप होई, पण लग्न रद्द होत नसे. म्हणून त्रेंतच्या महासभेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी आणखी कडक ठराव केला. ठरावाच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'तामेत्सी' म्हणतात. लागोपाठच्या तीन सणवारी मिस्सेच्या वेळी घोषणा करायची, पॅरिश धर्मगुरू आणि दोन किंवा तीन साक्षीदार यांच्यासमोरच लग्न लावायचे, आणि धर्मगुरूने वधूवरांची, साक्षीदारांची नावे, दिवस आणि ठिकाण एका वहीत लिहून ती वही नीट जपायची. धर्मगुरू आणि साक्षीदारांशिवाय लावलेले लग्न लग्नच नाही. आज आम्ही जी तीन रविवारची घोषणा वाचतो आणि जी वही कपाटात कुलपात ठेवतो, ती साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या ठरावाची. कुणा कारकुनाने टेबलाशी बसून काढलेले हे खूळ नव्हे. त्या महासभेत बिशपांपुढे फसलेल्या बायकांची गाऱ्हाणी होती.

मात्र 'तामेत्सी' ज्या पॅरिशमध्ये वाचून दाखवला गेला तिथेच लागू झाला. जगभर एकच नियम नव्हता, आणि माणसे तर गाव सोडून नोकरीला जाऊ लागली होती. म्हणून दहावे पायस पोप असताना १९०७ साली 'ने तेमेरे' हा हुकूम निघाला आणि १९ एप्रिल १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाला. त्यात एक लहानशी तरतूद आहे, आणि त्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर तीच आहे. लग्न लागले की ज्या पॅरिशमध्ये वधूचा आणि वराचा बाप्तिस्मा झाला असेल त्या पॅरिशला कळवायचे, आणि तिथल्या धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याच्या वहीत त्या नावासमोर समासात लग्नाची नोंद करायची. म्हणजे मनुष्य मुंबईला गेला, दुबईला गेला, तरी त्याचे एक पान एकाच ठिकाणी राहते. बाप्तिस्मा शिळा होत नाही हे अगदी खरे. पण वीस वर्षांपूर्वी काढलेल्या दाखल्यावर त्यानंतर समासात काय लिहिले गेले ते कसे दिसणार? लॅमिनेट केलेल्या कागदावर तर कुणी काही लिहूही शकत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ.

आपले धारवाड १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होते. प्रोटेस्टंट मंडळींच्या बाबतीत इथे मुख्य काम बासल मिशनने केले. जर्मन आणि स्विस मिशनरी १८३७ साली धारवाडला आणि १८३९ साली हुबळीला आले. त्यांच्यापैकी फर्डिनांड किटेल यांना त्यांच्या १८९४ च्या कन्नड-इंग्रजी कोशामुळे सगळा कर्नाटक ओळखतो. ही माणसे देवाच्या सेवेत तसूभर कमी नव्हती, पण इंग्रजी कायद्याच्या नजरेत एक प्रश्न होता. त्यांची दीक्षा बिशपच्या हातून झालेली नव्हती. मग त्यांनी लावलेली लग्ने कायद्याने लग्ने होती का?

हा प्रश्न पोकळ नव्हता. आयर्लंडमध्ये मिलिस नावाच्या एका माणसाने प्रेस्बिटेरियन पाळकांपुढे लग्न केले, पुढे इंग्लंडमध्ये पहिली जिवंत असताना दुसरे केले. द्विभार्येचा खटला चालला. १८४४ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये न्यायाधीशांची मते समसमान पडली आणि मिलिस सुटला. कारण असे धरले गेले की बिशपकडून दीक्षा मिळालेला धर्मगुरू हजर नव्हता, म्हणजे पहिले लग्न पुरते झालेच नव्हते. पहिल्या पत्नीचा दोष एवढाच की तिने ज्यांच्यापुढे वचन दिले ते पाळक कायद्याला मान्य नव्हते. ही बातमी हिंदुस्थानात पोचल्यावर बिशप नसलेल्या मिशनांत काळजी पसरणे साहजिक होते. १८५१ साली ब्रिटिश संसदेने हिंदुस्थानातल्या लग्नांसाठी वेगळा कायदा केला, १८६५ मध्ये इथे आणखी एक आला, आणि अखेर १८७२ साली या सगळ्यांची जागा घेणारा कायदा झाला. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ चा पंधरावा. आजही आपली लग्ने याच कायद्याखाली लागतात.

हा कायदा आमच्या कार्यालयात आहे, आणि आम्ही तो वेळोवेळी वाचतो. रुक्ष आहे, पण काही कलमांपाशी थांबावेसे वाटते.

दहाव्या कलमात आहे की लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लावावे. कॅथलिक आणि अँग्लिकन मंडळींना बिशपच्या खास परवान्याने सूट मिळते. का? अंधारात कोण कोणाशी लग्न लावतो ते दिसत नाही म्हणून. याकोबला सकाळी उजाडल्यावर कळले की ही राहेल नव्हे, लेआ आहे! वेळेचा किंवा दोन साक्षीदारांचा नियम मोडून लग्न लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि अधिकारच नसताना लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत. शिक्षा वधूवरांना नव्हे, लावणाऱ्याला. आमचे फादर कागदांच्या बाबतीत एवढे काटेकोर का असतात हे यावरून कळावे.

पाळकांपुढे लागणाऱ्या लग्नात आधी लेखी सूचना द्यायची, ती चर्चमध्ये सर्वांना दिसेल अशी लावायची, दोघांपैकी एकाने स्वतः हजर राहून 'कायदेशीर अडथळा नाही' असे गंभीरपणे सांगायचे, मग प्रमाणपत्र मिळायचे, आणि त्यानंतर दोन महिन्यांत लग्न झाले नाही तर ते प्रमाणपत्र बाद. एकवीस वर्षांखालील मुलामुलीला संमती कोणाची लागे? आधी वडिलांची. वडील नसतील तर पालकाची. पालकही नसेल तर आईची. आई तिसरी! १८७२ सालचे लोक, दुसरे काय.

सहावा भाग खास देशी ख्रिस्ती लोकांसाठी होता. तो वाचताना आम्हा धर्मशिक्षकांची छाती जरा फुगते. दूरच्या खेड्यात पाळक पोचणार कसा, म्हणून सरकार कोणाही ख्रिस्ती माणसाला परवाना देऊ शकत असे. अशा परवानाधारकासमोर आणि आणखी दोन विश्वासू साक्षीदारांसमोर वधूवरांनी सर्वसमर्थ देवाच्या समक्ष आणि प्रभू येशूच्या नावात एकमेकांचा स्वीकार केला की लग्न झाले. दाखल्याची फी चार आणे. वही इंग्रजीत किंवा त्या जिल्ह्यातल्या चालू भाषेत लिहायची मुभा. आमच्यासारख्या साध्या मास्तरांवर कायद्याने टाकलेला हा विश्वास आम्हाला मोठा वाटतो, जरी कॅथलिक लग्नांना हा भाग लागू नसला तरी. कॅथलिकांच्या नोंदी त्यांच्या बिशपांच्या नियमांप्रमाणे होतात आणि दर तीन महिन्यांनी त्यांची माहिती सरकारकडे जाते.

वयाची अट या भागात कोणती होती? पुरुष सोळा वर्षांहून मोठा, स्त्री तेरा वर्षांहून मोठी. आज वाचताना अंगावर काटा येतो. तेरा! पण ज्या काळात पाळण्यात लग्ने लागत होती त्या काळात निदान एक रेघ तरी ओढली गेली होती. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने ती सगळ्या धर्मांसाठी अठरा आणि चौदा केली. १९७८ च्या दुरुस्तीने एकवीस आणि अठरा. वयाचा दाखला मागितला की आजही कुणीतरी म्हणते, "पोरगी मोठी दिसते की हो, दाखला कशाला?" दिसण्यावर भागत नाही.

वहीबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. आमच्या ओळखीच्या एक वृद्ध बाई आहेत. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या एका कचेरीत गेल्या, तर नावच जुळेना. घरचे नाव एक, बाप्तिस्म्याचे दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. नवऱ्याच्या नोकरीच्या कागदांत चौथ्याच तऱ्हेने लिहिलेले. पन्नास वर्षे संसार करून बायको असल्याचा पुरावा काय, असे त्यांना विचारले गेले. शेवटी लग्नाच्या वहीतले पान सापडले. नवऱ्याची सही, बाईंचा डाव्या हाताचा अंगठा, आणि दोन साक्षीदार, त्यांपैकी एक अजून हयात होते. त्यांनी काठी टेकत येऊन सांगितले की होय, मी तिथे उभा होतो. आता साक्षीदार निवडताना आम्ही जोडप्याला हळूच सुचवतो, दोन्ही म्हातारे नकोत, एखादा तरुणही घ्या.

पण सगळ्यांचेच लग्न चर्चमध्ये सुरू होत नाही. जे लग्नानंतर ख्रिस्ती झाले त्यांचे काय? आपल्या मराठी ख्रिस्ती समाजापुढे हा प्रश्न घरोघरी होता. पती ख्रिस्ती झाला, पत्नी माहेरी गेली किंवा माहेरच्यांनी नेली, किंवा उलट. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात याचा विचार आहे. विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला तयार असेल तर सोडू नये, जात असेल तर अडवू नये. १८६६ साली सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला, आणि त्याची चाल या शिकवणीच्या बरीच जवळ आहे. जोडीदाराने धर्मांतरामुळे सहा महिने सतत सोडून दिले असेल तर धर्मांतरिताने न्यायालयात जावे. न्यायाधीशाने दुसऱ्या बाजूला बोलावून विचारावे, नांदायला तयार आहात का. नाही म्हटले तर एक वर्ष थांबावे. वर्षाने पुन्हा विचारावे. तरीही नाही म्हटले तरच लग्न मोडावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. चार-साडेचार वर्षे दोघे वेगळे राहिले. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने दिवस काढत होत्या. कायदा टिळकांच्या हाताशी होता, सहा महिने तर केव्हाच उलटले होते. त्यांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे पाठवत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे आल्या तेव्हा सोवळेओवळे सांभाळूनच आल्या, आणि आपल्या बुद्धीने, आपल्या वेळी, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. ज्यांनी नाही वाचले त्यांनी लग्नाआधी वाचावे, विवाहपूर्व शिबिराच्या दोन व्याख्यानांचे काम ते पुस्तक एकटे करते. त्या दोघांचे लग्न लहानपणी हिंदू विधीने झालेले होते. ते मोडले नाही, तेच चालू राहिले.

पंडिता रमाबाईंचे वेगळे. मराठी घरातली पण कर्नाटकात जन्मलेली ही मुलगी, त्यामुळे त्या आम्हाला आपल्याकडच्याच वाटतात. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून नोंदणी विवाह. तोही १८७२ च्याच एका कायद्याने, त्या वर्षीच्या तिसऱ्या. त्या कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांनाही लिहून द्यावे लागे की आम्ही ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, पारशी वगैरे कोणत्याच धर्माचे नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही अट काढली. आता आपापला धर्म ठेवून, तीस दिवसांची सूचना देऊन लग्न करता येते.

हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे मिश्र विवाह वाढले आहेत. १८७२ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे दोघांपैकी एक जण जरी ख्रिस्ती असला तरी लग्न त्याच कायद्यात सांगितलेल्या रीतीने लागले पाहिजे, नाहीतर ते रद्दबातल. दुसरा मार्ग १९५४ च्या कायद्याचा. घरच्यांना न सांगता कुठेतरी हार घालून, फोटो काढून येणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यावर ओरडण्यात अर्थ नसतो. आम्ही एवढेच सांगतो की बाळांनो, फोटो आहे, पण लग्न अजून व्हायचे आहे, चला कागद करू.

आमच्या भागात आणखी एक गुंता आहे तो गोव्याचा. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, हुबळीत वर्कशॉप झाले, कॅसलरॉकवरून पोर्तुगीजांची रेल्वे मुरगावला जोडली गेली, आणि गोव्याची कित्येक कॅथलिक कुटुंबे इकडे नोकरीला येऊन राहिली. सोयरिकी अजून तिकडे होतात. तिथे आजही पोर्तुगीज काळाचा कौटुंबिक कायदा चालतो. पोर्तुगालात राजेशाही गेल्यावर नव्या सरकारने १९१० साली, तेही २५ डिसेंबरला, विवाहाला निव्वळ नागरी करार ठरवणारा कायदा काढला. पुढे १९४६ मध्ये कॅथलिक विवाहाला त्यात जागा मिळाली. म्हणून गोव्यात लग्न करायचे तर आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोघांनी अर्ज द्यायचा, हरकतीची मुदत जाऊ द्यायची, त्याचे ना-हरकत पत्र घ्यायचे आणि मग चर्चमध्ये जायचे. शिवाय वेगळा करार आधी केला नसेल तर लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता दोघांची समाईक होते. इकडच्या मुलीला आणि तिच्या बापाला हे ठाऊक नसते. गोव्यात सोयरीक जमली की साखरपुड्याच्या आधीच ही चौकशी करावी.

आणि नोंदणी. चर्चचा दाखला मिळाला म्हणजे संपले असे समजू नये. कर्नाटकात विवाह नोंदणीचा १९७६ चा कायदा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असे राज्यांना सांगितले. निकालाची तारीख १४ फेब्रुवारी होती. न्यायमूर्तींनी ती मुद्दाम निवडली असेल असे वाटत नाही, पण तरुण मंडळींना लक्षात ठेवायला सोपी आहे.

आता त्या आईंकडे परत येतो. मुलाच्या जन्मगावाहून नवा दाखला आला. समासात दोन ओळी होत्या. पहिली, अकरा वर्षांपूर्वीच्या लग्नाची. दुसरी, चर्चच्या न्यायपीठाने ते लग्न शून्य ठरवल्याची. मुलाने काही लपवले नव्हते. मुलीला सगळे सांगितले होते, तिने आईला सांगितले नव्हते, एवढेच. त्याची खरोखरच समजूत होती की चर्चने मोकळे केले म्हणजे आपण मोकळे. आम्ही त्याला विचारले, कोर्टाचा हुकूम? त्याने आमच्याकडे पाहिले. असा काही हुकूम लागतो हेच त्याला माहीत नव्हते.

मंगळुरूकडच्या एका ज्येष्ठ कॅथलिक वकिलांनी, क्लॅरन्स पायस यांनी, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता. चर्चच्या न्यायपीठाच्या निकालाला कायद्याने मान्यता द्यावी, अशी त्यांची मागणी होती. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. म्हणजे चर्चचा निकाल चर्चमध्ये खरा, पण सरकारी कायद्याने पहिले लग्न जिल्हा न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत उभेच. त्याआधी दुसरे लावले तर ते रद्दबातल, वर द्विभार्येचा गुन्हा. आणि ती मुलगी? मिलिसच्या पहिल्या बायकोसारखी, वचन देऊनही कुणाची कुणी नाही.

घोषणा वाचायच्या थांबवल्या. कल्याण मंटपाची आगाऊ रक्कम बुडाली, पत्रिका छापून झाल्या होत्या त्या तशाच राहिल्या. आईंनी सॅक्रिस्टीच्या दारात उभ्या राहून आम्हाला बरेच काही सुनावले, मग तिथल्या बाकावर बसून रडल्या. फादर त्यांच्या शेजारी बसून राहिले, बोलले काही नाहीत. मुलगा वकिलाकडे गेला. मुलगी थांबायला तयार होती, ती रोज संध्याकाळी रोझरीला यायची. आम्ही तिला काही विचारत नसू.

सव्वा वर्षाने हुकूम मिळाला. पुन्हा नवे दाखले काढावे लागले, कारण पहिल्या वेळचे आता जुने झाले होते. तिन्ही रविवारी घोषणा आम्हीच वाचल्या. तिसऱ्या रविवारी नावे वाचून आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो की कोणाला काही अडथळा माहीत असल्यास फादरांना कळवावे, आणि समोर पाहिले. आई दुसऱ्या बाकावर होत्या. मांडीवर प्लास्टिकची फाईल होती. मिस्सा संपल्यावर त्यांनी ती आमच्या हातात दिली. धाकट्या मुलीचे दाखले होते. तिचे अजून कुठे जमलेसुद्धा नव्हते.